मॉरिशसला निघालात? पावसाच्या चित्राआधी वारा बघा

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा असे जुळे सोलापुरातून मॉरिशसला दिरांकडे निघालाय. मोबाइलवर सातही दिवस ढगाचं चित्र, खाली पावसाचे थेंब आणि ५०-६० टक्के असा आकडा दिसतोय. बोटीच्या सफरीचे पैसे आधी भरावेत का, सासूबाईंना गंगा तलावला, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या तीर्थक्षेत्राला, कुठल्या दिवशी न्यावं, आणि मुळात तिकिटंच पुढे ढकलावीत का, हे तुम्हाला हवंय.

तिकिटं पुढे ढकलायचं काहीच कारण नाही. माझी नोकरी हिंदी महासागरातल्या जहाजांसाठी वाऱ्याचे आणि लाटांचे अंदाज काढण्यात गेली, आणि मॉरिशस रोज नकाशावर डोळ्यांखालून जायचं. जुलैत तिथलं चित्र जवळजवळ रोज असंच दिसतं. ते खोटं नसतं, बेटावर कुठे ना कुठे पाऊस पडतोच. तुम्ही ज्या किनाऱ्यावर असाल तिथे तो पडेल का, एवढाच खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पावसाच्या चित्रात सापडत नाही. ते वारा कुठून येतोय आणि किती जोराचा आहे, यात असतं.

बेट केवढं ते आधी डोळ्यांसमोर आणा. दक्षिणोत्तर सुमारे ६५ किमी, पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किमी. म्हणजे रुंदी सोलापूर ते तुळजापूर एवढी आणि लांबी पंढरपूर गाठायच्या थोडी आधीच संपते. मधोमध पठार आहे. त्यावरचं क्यूरपिप गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, आणि सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटरचं. आपलं सोलापूरही साडेचारशे मीटरच्या वरच आहे, त्यामुळे हे आकडे आपल्याला किरकोळ वाटतात. पण आपल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, आणि क्यूरपिपचं पठार समुद्रातून उठल्यावर वीसेक किलोमीटरच्या आत एवढी उंची गाठतं. समुद्रावरून आलेल्या दमट हवेला तेवढा चढ पुरतो. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला साधारण ९०० मिमी पाऊस पडतो, पठाराच्या ओल्या भागात तो ४००० मिमीपर्यंत जातो. एवढ्याशा जागेत असा चौपट फरक असताना सगळ्या बेटासाठी एकच चित्र दाखवलं की ते कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत चुकणारच.

जुलैत तिथे हिवाळा असतो. बेटाच्या दक्षिणेला, समुद्रावर, हवेच्या उच्च दाबाचं मोठं क्षेत्र बसलेलं असतं, त्याला मॅस्करीन उच्चदाब म्हणतात. दक्षिण गोलार्धात उच्चदाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून त्याच्या उत्तरेला असलेल्या मॉरिशसवर तो पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो. हेच शाळेच्या भूगोलातले आग्नेय व्यापारी वारे. साधारण ताशी २० ते ३० किमी वेगाने, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे वाहतात. असे इमानी वारे पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी आहेत. अंदाज काढणाऱ्याला त्यांचा मोठा आधार असतो, कारण वाऱ्याची दिशा तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. सर नेमकी किती वाजता पडेल हे मात्र काही तास आधीसुद्धा सांगता येत नाही.

त्या सरीचं वागणं नीट समजून घ्या, म्हणजे चित्र पाहून धसका बसणार नाही. समुद्रावरून कापसासारखे छोटे ढग रांगेने येतात. पठाराला भिडले की हवा वर ढकलली जाते, दर १०० मीटरला साधारण एक अंशाने थंड होते आणि ढग दाट होतात. पण ते फार उंच वाढू शकत नाहीत. उच्चदाबातून खाली उतरणारी हवा कोरडी आणि उबदार होत आलेली असते, आणि साधारण दोन-अडीच किलोमीटरवर ती पातेल्यावरच्या झाकणासारखी बसते. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. ढगाचा माथा त्या थराला टेकला की तिथेच चपटा होतो. माथ्यावरचं तापमान शून्याच्या वरच राहतं, त्यामुळे ढगात बर्फ होत नाही, म्हणून गडगडाट नाही, विजा नाहीत, आपल्या मे महिन्यातल्या वळवासारखे टपोरे थेंबही नाहीत. बारीक, तिरका, वाऱ्याबरोबर अंगावर येणारा पाऊस. क्यूरपिपच्या रस्त्यावर दहा मिनिटं भिजवतो, लगेच ऊन पडतं, ओला डांबरी रस्ता चकाकायला लागतो, आणि तोवर पूर्वेकडून पुढची काळी कड दिसायला लागलेली असते. त्याच वेळी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या वाळूवर माणसं उन्हात पडलेली असतात, कारण पठार उतरताना हवा पुन्हा तापते आणि ढग विरून जातात.

हा प्रकार सोलापूरकराला नवा नाही. वारा सह्याद्री चढतो, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस ओततो, आणि घाट उतरून आपल्यापर्यंत येईतो ढग असतात पण पाणी संपलेलं असतं. जुलैतल्या संध्याकाळी गच्चीवर उभं राहिलं की पश्चिमेकडून खाली उतरलेले करडे ढग भराभरा डोक्यावरून जातात, दोरीवरची चादर सुटून जाईल असा वारा असतो, आणि अंगणात सडा घातल्याइतकंही पाणी पडत नाही. आपण पर्जन्यछायेत आहोत. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांवर बीजारोपणाचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा, प्रयोग सोलापूर भागात केला. इथे ढग येतात, पण पडत नाहीत.

आणि हा वारा नुसता तिथल्यासारखा नाही, तो बराचसा तिथलाच आहे. मॅस्करीन उच्चदाबाकडून निघालेले आग्नेय वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, सोमालियाजवळ जोर धरतात आणि अरबी समुद्रावरून नैऋत्य मोसमी वारे होऊन आपल्या किनाऱ्यावर येतात. म्हणून भारतातले हवामानतज्ज्ञ उन्हाळा संपताना त्या दूरच्या उच्चदाबावर डोळा ठेवून असतात. तो बळकट असला की विषुववृत्त ओलांडणारा वाराही सहसा जोरकस असतो. सोलापूरहून मॉरिशस सुमारे ४६०० किमी आहे, पण जुलैत आपल्या गच्चीवरचा वारा आणि तुमच्या दिरांच्या अंगणातला वारा एकाच साखळीतले आहेत.

आता मोबाइलचं. ५० टक्के याचा अर्थ अर्धा दिवस पाऊस किंवा निम्म्या बेटावर पाऊस, असा धरू नका. अशी परिस्थिती दहा वेळा आली तर त्या जागी साधारण पाच वेळा थोडा तरी पाऊस नोंदला जाईल, एवढाच तो आकडा. पाऊस किती आणि किती वेळ, हे त्यात नसतं. दहा मिनिटांची बारीक सरही मोजली जाते आणि दिवसभराची झोडही. त्यामुळे मिलिमीटरचा आकडा शोधा. दिवसाला १-२ मिमी आणि ६० टक्के असं असेल तर त्या दिवसाची सहल मोडायची गरज नाही. आपल्या हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असतं, तेव्हाही जास्तीत जास्त चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. आपण ते वाचून सगळ्या जिल्ह्यात पाऊस धरतो आणि मग चिडतो.

चित्र फसवं असण्याचं दुसरं कारण गणकयंत्राचं. जागतिक अंदाजाची प्रारूपं पृथ्वीवर चौकटी मांडून गणित करतात. युरोपीय हवामान केंद्राचं मुख्य प्रारूप साधारण ९ किमीच्या चौकटीचं आहे, आपल्या देशात २०२५ मध्ये ६ किमीचं आलं. ९ किमीच्या चौकटीत मॉरिशसची रुंदी जेमतेम पाच घरांत बसते. डोंगराचा उतार त्यात चेपला जातो, आणि ओल्या बाजूचा पाऊस कोरड्या बाजूवर सांडलेला दिसतो. म्हणून ‘मॉरिशस’ असं शोधू नका, गावाचं नाव टाका. फ्लिक-आं-फ्लाक वेगळं, क्यूरपिप वेगळं, पूर्व किनाऱ्यावरचं बेल मार वेगळं बघा. तरीही थोडी सरमिसळ राहीलच, ती वाऱ्यावरून दुरुस्त करायची.

वारा बघताना एक काळजी घ्या. बातमीपत्रात आग्नेय वारा म्हटलं की तो आग्नेयेकडून येतो. मोबाइलवरचा बाण मात्र बऱ्याचदा वारा जिकडे चाललाय तिकडे रोखलेला असतो. बाण वायव्येकडे असेल तर वारा आग्नेयेचाच आहे. इथे उलटं वाचलं की सगळा दिवसच चुकीच्या किनाऱ्यावर जातो.

आठवड्याचा अंदाज मी कसा मांडेन ते सांगतो, कारण तिथल्या हिवाळ्यातही दिवस एकसारखे नसतात. उच्चदाबाची केंद्रं पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात, आणि दोन केंद्रांच्या मधून कधीकधी शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची पुढची कड, बेटापर्यंत पोचते. ती येण्याआधी एक-दोन दिवस वारा पडतो, ईशान्येकडून किंवा उत्तरेकडून यायला लागतो, हवा जरा उबदार होते, समुद्र काचेसारखा दिसतो. पर्यटक खूश असतात. मग एका रात्रीत वारा दक्षिण-आग्नेयेकडून उठतो, आभाळ भरतं, पाऊस नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त जागी पडतो. पाठोपाठ नवं उच्चदाब केंद्र येतं. त्याच्या मध्यभागी हवेचा दाब १०३५ हेक्टापास्कलच्या वर असेल तर दोन-तीन दिवस वारा चांगलाच खवळतो, झोत ताशी ६०-७० किमीपर्यंत जातात. केंद्र पूर्वेकडे सरकलं की वारा पूर्वेचा होतो, निवळतो, सरी कमी होतात. हे चक्र साधारण आठवडाभराचं, पण घड्याळ लावून येत नाही. तुमच्या सात दिवसांत अशी एक फेरी होण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून सातही दिवसांचं आधी ठरवून टाकू नका. बोटीचा दिवस मोकळा ठेवा आणि तिथे पोचल्यावर वाऱ्याचा कल बघून पक्का करा. पैसे भरायचेच असतील तर तारीख बदलून देतात का, एवढं विचारून घ्या.

समुद्राबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मुलगा बरोबर आहे आणि सूर्याच्या चित्रावरून समुद्राची स्थिती कळत नाही. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा कठडा आहे, आतलं पाणी उथळ आणि शांत असतं. पण कठड्याला जिथे खिंडारं आहेत तिथून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं, तिथे पोहणारा मोठा माणूसही दमतो. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला कठडा तुटलेला आहे, लाट थेट खडकावर येते. तिथे लांबून बघा, पाण्यात उतरू नका. शिवाय दूर दक्षिणेकडच्या वादळांनी उठवलेल्या लांब फुगीर लाटा हजारो किलोमीटर चालून येतात, आणि त्या येतात तेव्हा मॉरिशसवर लख्ख ऊनही असू शकतं. तिथलं हवामान कार्यालय वाक्वा इथे आहे, ते अशा वेळी उंच लाटांची सूचना काढतं आणि समुद्रात जाऊ नका असं स्पष्ट लिहितं. ती सूचना असेल त्या दिवशी बोटवाला कितीही म्हणाला, ‘काही होत नाही’, तरी जाऊ नका. तो कठड्याच्या आतलं पाणी बघून बोलतो, लाट बाहेर असते.

पूर्वेच्या इल ओ सर्फ या छोट्या बेटावर सगळेच जातात. ते वाऱ्याच्या तोंडावर आहे. आग्नेय वारा ताशी २५ किमीच्या आत असेल तर मजेत जा, झोत ५० च्या वर असतील तर बोटीत लहान मुलाचे आणि सासूबाईंचे हाल होतील. अशा दिवशी आडोशाच्या बाजूला, फ्लिक-आं-फ्लाकला किंवा उत्तरेला ग्रां बेकडे जावं. नैऋत्य टोकावरच्या ल मोर्नला डोंगर आहे म्हणून आडोसा असेल असं वाटतं, पण वारा त्या टोकाला वळसा घालून जोरात येतो. पतंग बांधून पाण्यावर खेळणारे लोक तिथे जमतात ते त्याचसाठी. समुद्राचं पाणी त्या दिवसांत २३ अंशांच्या आसपास असतं. मुलगा उतरेल, पण बाहेर आल्यावर ओल्या अंगाला वारा झोंबतो, तेव्हा कोरडा टॉवेल आणि टोपीचं जाकीट हाताशी ठेवा.

गंगा तलाव पठारावर, साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे तिथे धुकं, भुरभुर आणि गार वारा धरूनच चाला. जुलै-ऑगस्टमध्ये बेटावरचं रात्रीचं सरासरी किमान तापमान १६ अंशांच्या आसपास असतं, पठारावर त्याहून गार वाटतं. सासूबाईंना तिथे न्यायला चक्रातले निवळलेले दिवस निवडा, म्हणजे वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा आणि १५-२० किमीच्या आत असेल तेव्हा. आघाडी गेल्यानंतरचे दोन दिवस टाळा. छत्रीचा तिथे उपयोग होत नाही, ती उलटी होते. स्वेटर, कानटोपी आणि वरून पाणी न झिरपणारं जाकीट द्या, आणि दर्शनाच्या पायऱ्या ओल्या असतात म्हणून पकड असलेली चप्पल.

विमानतळ आग्नेय किनाऱ्याजवळ आहे, म्हणजे वाऱ्याच्याच बाजूला. उतरल्या उतरल्या ढग आणि शिंतोडे दिसले तर हिरमुसू नका. दिरांचं घर पश्चिमेला असेल तर तासाभराच्या प्रवासात आभाळ बदललेलं दिसेल.

तिथल्या कार्यालयाचं बातमीपत्र वाचायची सवय दिरांना लावा. त्यात बहुतेक रोज ‘पूर्वेकडे आणि उंच भागावर अधूनमधून हलक्या सरी’ अशा अर्थाचं वाक्य असतं. हे वाक्य दिसलं की व्यापारी वारे नेहमीसारखे चालू आहेत असं समजावं आणि पश्चिमेला फिरायला निघावं. काळजी घ्यायची ती ‘वारा मंद’, ‘दुपारनंतर पश्चिमेकडे पाऊस’ असं लिहिलेलं असेल तेव्हा. वाऱ्याचा रेटा सुटला की जमीन तापते, पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडून उलटा वारा आत शिरतो, आणि एरवी कोरड्या बाजूवरच दुपारी ढग उभे राहतात. तिथल्या उन्हाळ्यात उबदार हवेचं ते झाकणही कमकुवत असतं, तेव्हा हा पाऊस फार जोराचा होतो. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुई शहरात अचानक आलेल्या पुरात ११ जणांचा जीव गेला. पोर्ट लुई आडोशाच्याच बाजूला आहे. जुलैत एवढं सहसा होत नाही, पण मंद वाऱ्याचा दिवस म्हणजे सुरक्षित दिवस असं समजू नये. अशा दिवशी सकाळी फिरून घ्यावं आणि दुपारी उपग्रहाचं ताजं चित्र बघावं.

चक्रीवादळाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत जाणारे हमखास विचारतील, म्हणून सांगून ठेवतो. त्यांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, जुलैत ती भीती नाही. तिथे इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिला लागला की ताशी १२० किमीचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधीची सूचना समजायची, आणि चौथा म्हणजे तसे झोत नोंदले गेलेत, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिथली माणसं हे वर्ग काटेकोर पाळतात, पाहुण्यांनीही पाळावेत. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून जाताना आपण टीव्हीवर पाहिल्या आहेत.

आता तुम्ही करायचं ते एवढंच. सात दिवस आधीच्या चित्राकडे फक्त वाऱ्याचा ढोबळ कल म्हणून बघा. निघायच्या तीन दिवस आधी दक्षिणेकडे नवं उच्चदाब केंद्र येतंय का आणि वारा कुठल्या दिवशी फिरतोय, ते पाहून गंगा तलावचा आणि बोटीचा असे दोन-दोन पर्यायी दिवस कागदावर लिहा. तिथे पोचल्यावर रोज सकाळी नाश्त्याआधी वाक्वाचं बातमीपत्र, मग वाऱ्याचा आकडा, आणि सगळ्यात शेवटी पावसाचं चित्र. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे सकाळी सहाला उठलात तरी सोलापुरात साडेसात वाजलेले असतील. निघायच्या आदल्या दिवशी वाऱ्याचा सात दिवसांचा तक्ता मला पाठवा, दिवस कुठले धरायचे ते बघून सांगतो.